बंबात जाळू नका, अंधारात टाकू नका

प्रश्न : कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या एका गृहिणीचं पत्र आलं आहे. २०२१ मधल्या दुसऱ्या लाटेत त्यांचे सासरे कोरोनानं गेले. पंचगंगा स्मशानभूमीत नवरा आणि दीर पीपीई किट घालून उभे राहिले. किट काढून टाकायचं कुठं, हे त्या गडबडीत दोघांनाही सुधरलं नाही, म्हणून ती पोत्यात कोंबून घरी आणली. आठवडा झाला, पोतं अजून गाडीच्या डिकीत आहे आणि त्याला हात लावायला कुणी तयार नाही. त्यात आता सासूबाई पॉझिटिव्ह आल्या आहेत. माडीवरच्या खोलीत वेगळ्या राहतात. मधुमेह आहे, दोन वेळा इन्सुलिन घ्यावं लागतं. मास्क, टिश्यू, ग्लोव्हज, कागदी प्लेटा, सुया असा रोजचा ढीग साठतो. कचरा नेणाऱ्या टिपरवाल्यानं पिशवी बघून परत दिली. गल्लीत बोभाटा नको म्हणून त्या अंधार पडल्यावर पिशवी दुसऱ्या गल्लीच्या कचऱ्याच्या कोंडाळ्याजवळ ठेवू लागल्या. एका सकाळी दूध आणायला जाताना तीच पिशवी कुत्र्यांनी फाडलेली दिसली आणि कचरा वेचणारी एक बाई उघड्या हातांनी आतल्या प्लेटा बाजूला करत होती. त्या दिवसापासून त्यांना झोप नाही. सासूबाई म्हणतात, "परड्यातल्या बंबात घाल, राख झाली की मिटलं." नवरा म्हणतो, "सॅनिटायझर मार आणि दे टाकून." त्यांचा प्रश्न असा : यातलं बरोबर काय, आणि हे गल्लीला सांगावं लागेल का?

उत्तर :

ताई, घरातला कर्ता माणूस जाऊन आठवडा झाला नाही तोवर दुसरं आजारपण उशाशी आलं. दहावं-तेरावंसुद्धा धड करता येणार नाही असं दिसतं. अशा घरात कचऱ्याचा विचार करायला कुणाला सवड असते? तरीही तुम्ही पत्र लिहिलंत. त्यामुळे अपराधाची गोष्ट बाजूला ठेवून आधी कामाचं बोलू.

तुमच्या पत्रात डिकीतल्या किटवर दीड पान आहे. सुयांवर एक ओळ आहे, तीसुद्धा "सुया वगैरे" अशी. मला हे प्रमाण उलटं व्हायला हवं आहे.

किटची भीती का वाटते ते समजतं. ते घालून तुमच्या माणसांनी सासऱ्यांना शेवटचा निरोप दिला, आणि टीव्हीवर तोच पांढरा डगला घातलेली माणसं वर्षभर दिसत आहेत. पण विषाणूला आपल्या भीतीशी घेणंदेणं नसतं. २०२० च्या मार्चमध्ये प्रयोगशाळेत केलेल्या चाचण्यांत हा विषाणू प्लॅस्टिकवर जास्तीत जास्त ७२ तास आणि पुठ्ठ्यावर २४ तास तग धरून राहिल्याचं दिसलं. दुसऱ्या एका प्रयोगात मास्कच्या बाहेरच्या बाजूवर सातव्या दिवशीही त्याचा अगदी थोडा अंश सापडला, पण तो प्रयोगासाठी मुद्दाम ओतलेल्या भरपूर विषाणूतला उरलासुरला होता. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं एप्रिल २०२१ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं, की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्यानं लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हा आजार मुख्यतः हवेतून, श्वासातून पसरतो. आठवडाभर डिकीत बंद पडलेलं पोतं हा आता तुमच्या घरातला सगळ्यात मोठा धोका नाही. माडीवरच्या खोलीची खिडकी बंद असेल तर ती जास्त काळजीची गोष्ट आहे. पाऊस नसेल तेव्हा ती उघडी ठेवा.

आता सुया. कोरोना दोन-चार दिवसांत मरतो, पण हेपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. लस न घेतलेल्या माणसाला या आजाराच्या रुग्णाची सुई टोचली, तर लागण होण्याचा धोका ६ ते ३० टक्के सांगितला जातो. हेपॅटायटिस सीचा सुमारे २ टक्के, एचआयव्हीचा ०.३ टक्के. सासूबाईंना यातला कुठलाच आजार नसेल. पण हे तुम्हाला माहीत आहे, कोंडाळ्यापाशी बोटात सुई गेलेल्या बाईला नाही. तिला आधी सीपीआर या सरकारी रुग्णालयाची ओपीडी गाठावी लागेल, रक्त तपासावं लागेल, काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागेल. तोवर रोजगार बुडणार आणि घरी नवऱ्याला काय सांगायचं हा घोर वेगळाच. तुमच्या पिशवीतला खरा धोका एवढाच आहे, आणि तो टाळायला पाच मिनिटं लागतात.

कपडे धुण्याच्या लिक्विडची किंवा फिनेलची जाड प्लॅस्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको. ती सुईनं भोसकते, आणि वेचणारे लोक नेमकी तीच बाटली आधी उचलतात, कारण भंगारात तिला भाव आहे. इन्सुलिन टोचून झालं की सुई तिथल्या तिथं बाटलीत टाका. साखर तपासायची टोचणीही त्यातच. पेनची सुई काढताना बाहेरचं मोठं टोपण लावून फिरवावी लागते, ते काम सासूबाईंनी स्वतःच करावं. दुसऱ्याच्या वापरलेल्या सुईला तुम्ही टोपण घालायला जाऊ नका, सुया बोटात जातात त्या बहुतेक असल्याच वेळी. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावा, त्यावर चिकटपट्टी गुंडाळा आणि मार्करनं मोठ्या अक्षरात "वापरलेल्या सुया, उघडू नये" असं लिहा. चित्रही काढा, सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही.

ही बाटली द्यायची कुणाला? तुमच्या घरच्या डॉक्टरांना फोन करा. लहानातला लहान दवाखाना असला तरी जैव-वैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे त्याला आपला कचरा अधिकृत सामायिक प्रक्रिया केंद्राकडे द्यावाच लागतो, आणि सुयांसाठी तिथं पांढऱ्या रंगाचा न भोसकणारा डबा असतो. "सुयांची बाटली आणून देऊ का?" एवढं विचारायचं. बरेच डॉक्टर हो म्हणतात. नाही म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारा, यात लाजण्यासारखं काही नाही.

आता रोजचा ढीग. तुम्ही त्याला एकच ढीग म्हणता, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जुलै २०२० च्या सूचना वाचल्या तर त्याचे निदान तीन वाटे होतात. रुग्णानं वापरलेले मास्क, टिश्यू, थुंकी-कफ लागलेला कापूस, रुग्णाची सेवा करताना तुम्ही घातलेले ग्लोव्हज, हा झाला जैव-वैद्यकीय कचरा. तो पिवळ्या पिशवीत जातो. आजारी नसलेल्या माणसांचे मास्क आणि ग्लोव्हज कागदी पिशवीत ७२ तास वेगळे ठेवायचे, मग कापून सुक्या कचऱ्यात द्यायचे. उरलेलं अन्न, भाजीची देठं, औषधांची खोकी हा साधा घरगुती कचरा. तो नेहमीसारखा ओला-सुका करून टिपरमध्ये जाऊ शकतो, फक्त पिवळ्या पिशवीत मिसळायचा नाही. असं वेगळं केलंत की सध्याच्या भल्यामोठ्या काळ्या पिशवीतली जेमतेम मूठभर वस्तू पिवळ्या पिशवीची निघेल.

मास्क कापायला का सांगतात, तेही सांगते. २०२१ च्या एप्रिलमध्ये जळगावच्या औद्योगिक वसाहतीत एका गादी कारखान्यात कापसाऐवजी वापरलेले मास्क भरत असताना पोलिसांनी पकडलं. आपण फेकलेली वस्तू संपत नाही, कुणीतरी ती उचलतं आणि विकतं. म्हणून दोऱ्या कापायच्या आणि कापडही मधोमध कापायचं. पण हे फक्त निरोगी माणसांच्या, ७२ तास ठेवलेल्या मास्कचं. सासूबाईंचा मास्क कात्रीनं कापत बसू नका. आरोग्य मंत्रालयाच्या २०२१ मधल्या घरगुती विलगीकरणाच्या सूचनांप्रमाणे तो १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवून मग टाकायचा आहे. बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर एका भागाला चार भाग पाणी घाला. लेबल वाचून घ्या, सगळी द्रावणं सारखी नसतात. आणि संडास साफ करायचं ॲसिड त्यात चुकूनही मिसळू नका. क्लोरिन वायू तयार होतो, आणि बंद मोरीत धडधाकट माणसालासुद्धा तो सोसत नाही.

टिपरवाल्यानं पिशवी परत दिली याचा तुम्हाला राग आला आहे. मला त्याची बाजू पटते. आत काय आहे हे त्याला सांगितलेलं नव्हतं, पिशवी काळी होती, आणि टिपरमधला कचरा पुढं कुठंतरी माणसांच्याच हातांनी चाळला जातो. पिवळ्या पिशवीतला माल त्या गाडीत जायलाच नको. त्याची वेगळी वाट आहे, आणि ती उघडून द्यायची जबाबदारी महापालिकेची आहे. मंडळाच्या त्याच सूचनांत विलगीकरणातल्या घरांचा पिवळा कचरा स्थानिक संस्थेनं दारातून किंवा ठरवलेल्या ठिकाणाहून गोळा करून सामायिक केंद्राकडे पोचवायचा असं स्पष्ट म्हटलं आहे. आपल्याकडे महापालिकेची चार विभागीय कार्यालयं आहेत, गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. तुमच्या भागाचे आरोग्य निरीक्षक कोण, त्यांचा नंबर काय, हे तिथून कळतं. फोन नवऱ्याला करायला सांगा, तुम्ही आधीच पुरेसं ओढताय. बोलायचं ते नेमकं बोला, "घरी रुग्ण आहे, विलगीकरणाचा अमुक दिवस आहे, पिवळा कचरा अमुक पिशव्या आहे आणि स्मशानभूमीतून आलेली दोन किट आहेत." नुसतं "कचरा उचलत नाहीत" म्हटलं की ती नेहमीची तक्रार होते आणि नेहमीच्याच ढिगात जाते. दोन दिवसांत कुणी आलं नाही तर लेखी द्या आणि पोच घ्या. तोवर पिशवी तोंड बांधून, दुसऱ्या पिशवीत घालून, झाकणाच्या बादलीत माडीच्या जिन्याखाली ठेवा. कुत्री, मांजरं आणि पावसाचं पाणी, तिघांपासून लांब.

हो, पाऊस. तुम्ही कोंडाळ्याजवळ पिशवी ठेवत होता ते दिवस पावसाळ्याचे आहेत. एक जोराची सर आली की रस्त्यावरचं सगळं गटारात, तिथून जयंती नाल्यात, तिथून पंचगंगेत. २०१९ चा महापूर ओसरल्यावर झाडांच्या फांद्यांना लटकलेलं प्लॅस्टिक आपण सगळ्यांनी पाहिलंय. खाली इचलकरंजी आणि शिरोळकडची माणसं याच नदीवर जगतात.

डिकीतलं पोतं आता तरी काढा. दोघं जण नकोत, एकच माणूस पुरे. मास्क आणि ग्लोव्हज घालून, मोकळ्या हवेत. पोतं उघडायचं नाही, झटकायचं तर अजिबात नाही. आहे तसं उचलून मोठ्या पिवळ्या पिशवीत घाला, गाठ मारा, वरून दुसरी पिशवी. त्यावर "पीपीई किट" असं लिहा आणि निरीक्षकांना सांगितलेल्या कचऱ्याबरोबर द्या. रुग्णालयात प्लॅस्टिकचा डगला, गॉगल, फेसशील्ड आणि नायट्राइल ग्लोव्हज लाल पिशवीत टाकतात. मास्क, टोपी, बुटांवरचं आवरण आणि प्लॅस्टिकचा नसलेला डगला पिवळ्या पिशवीत. लाल पिशवीतला माल वाफेनं निर्जंतुक करून त्याचा चुरा करतात, पिवळा जाळतात. घरी हे निवडत बसू नका, त्यासाठी पोतं उघडणं हाच जास्त धोका. पोतं काढल्यावर डिकी साबणाच्या पाण्यानं पुसा आणि दार उघडं ठेवून गाडी उन्हात लावा, ऊन पडलं तर.

सासूबाईंचं बंबाचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. त्यांच्या पिढीनं देवीच्या साथीत, प्लेगच्या आठवणीत आजाऱ्याची अंथरुणं जाळलेली ऐकली-पाहिली आहेत, आणि ते तेव्हा योग्यच होतं. पण ती अंथरुणं कापसाची होती. आजचा सर्जिकल मास्क, कापडासारखा दिसला तरी, पॉलिप्रॉपिलीनचा म्हणजे प्लॅस्टिकचा असतो. किटही तसंच, आणि सलाइनच्या नळ्या तर बहुधा पीव्हीसीच्या. जैव-वैद्यकीय कचरा जाळायच्या भट्टीला नियमानं दोन कप्पे लागतात. पहिल्यात किमान ८०० अंश सेल्सिअस, दुसऱ्यात सुमारे १०५० अंश, आणि धूर त्या दुसऱ्या कप्प्यात निदान दोन सेकंद राहिला पाहिजे. तेव्हा कुठं विषारी वायू मोडतात, तरी वर धूर धुवायची यंत्रणा असतेच. तुमच्या परड्यातल्या बंबात चार ढलप्या आणि नारळाच्या शेंड्या जळतात. त्यात प्लॅस्टिक धुमसतं, वितळतं, बंबाच्या नळीला चिकटतं, आणि पीव्हीसी असेल तर डायॉक्सिनसारखं जहर त्या धुरातून माडीच्या खिडकीशी जातं. तिथं कोण झोपलंय, ते वेगळं सांगायला नको. शिवाय घनकचऱ्याच्या नियमांप्रमाणे कचरा रस्त्यावर आणि मोकळ्या सार्वजनिक जागेत जाळायला आणि टाकायला, दोन्हीला बंदी आहे. सासूबाईंना कायदा सांगू नका, धूर कुठं जाईल एवढंच सांगा. त्यांना ते आपल्या दोघींपेक्षा लवकर समजेल, बंब त्यांनी आयुष्यभर पेटवलाय.

नवऱ्याचा सॅनिटायझर हा उपाय म्हणजे मनाची समजूत. बाहेरून फवारलं तर ते घड्यांच्या आत पोचत नाही, आणि ७० टक्के अल्कोहोल असलेला तो पदार्थ पेट घेतो. हात स्वच्छ करायला ठेवा. त्यालाही पाण्या-साबणाची सर नाही.

कागदी प्लेटांबद्दल थोडं बोलायचं आहे. विषाणूवर स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, आणि साबण तेच फोडतो. म्हणजे सासूबाईंचं रोजचं स्टीलचं ताट खोलीबाहेर आणून, ग्लोव्हज घालून, साबणानं घासलं की काम झालं. आरोग्य मंत्रालयाच्या सूचनांतही रुग्णाची भांडी वेगळी ठेवा, साबणानं धुऊन पुन्हा वापरा, असंच सांगितलं आहे. भांडी वेगळी असावीत, फेकून द्यायची असावीत असं कुठं म्हटलेलं नाही. परवा नवरा गेलेली बाई बंद दाराआड एकटी बसून कागदाच्या प्लेटीत जेवते, हे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं. तिचं ताट-वाटी तिला द्या. कचरा निम्मा होईल आणि चार घास जास्त जातील.

गल्लीला सांगायचं का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. तुम्ही त्याला हो किंवा नाही असं उत्तर मागता, पण गल्ली आणि पिशवी उचलणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गल्लीला सांगायची तुमच्यावर सक्ती नाही. घरांवर कोरोनाची पोस्टर्स लावण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२० मध्येच निकाल दिला आहे. आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली अधिकाऱ्यानं खास आदेश काढल्याशिवाय असं पोस्टर लावता येत नाही. तुमची खासगी गोष्ट खासगी ठेवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण ज्याचा हात पिशवीला लागणार, त्याला आत काय आहे हे कळायलाच हवं. तिथं लपवायचा हक्क तुम्हाला नाही, कुणालाच नाही. तुम्ही लपवलंत ते गल्लीपासून, आणि त्याचा भार पडला त्या कचरा वेचणाऱ्या बाईवर, जिला तुमच्या घराशी काही देणंघेणं नाही आणि जिच्याकडे ग्लोव्हजसुद्धा नाहीत. तसं पाहिलं तर आपल्या पेठांमध्ये बातमी लपत नाही. तुमच्या गल्लीला आत्तापर्यंत कळलंही असेल, आणि कुणीतरी दारात दुधाची पिशवी ठेवून जायचा विचार करत असेल. तालमीच्या पोरांनी या दोन लाटांत केवढी धावपळ केलीय ते तुम्ही पाहिलंय. एखाद्याला सांगितलंत तर निरीक्षकांकडचा पाठपुरावा तो तुमच्याहून लवकर करेल.

टाकलेल्या पिशव्यांचं काय करायचं? त्या परत आणता येणार नाहीत, आणि कोरोनापुरतं बोलायचं तर त्यांतला धोका आता जवळजवळ ओसरला आहे. पण त्यांत सुया गेल्या असतील तर त्या भागाच्या मुकादमाला एक फोन करा, "त्या कोंडाळ्यात सुया असू शकतात, माणसांना जाड हातमोजे घालून उचलायला सांगा." नाव सांगितलं नाही तरी चालेल. ती बाई पुन्हा दिसली तर हाताला काही टोचलं का एवढं विचारा, आणि टोचलं असेल तर तिला सीपीआरला घेऊन जा, लवकरात लवकर. एचआयव्हीसाठीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात. तेवढे तास उलटून गेले असतील तरी तपासणी करून घ्यायचीच.

२०२१ मधल्या सूचनांप्रमाणे विलगीकरण लक्षणं सुरू झाल्यापासून किमान दहा दिवसांचं होतं, आणि त्यातले शेवटचे तीन दिवस ताप नको होता. ते संपलं की पिवळी पिशवी बंद होईल, ग्लोव्हजचं खोकं कपाटात जाईल. सासूबाईंचं इन्सुलिन मात्र त्यानंतरही रोज दोन वेळा चालू राहणार आहे, तेव्हा पहिली बाटली डॉक्टरांकडे द्यायच्या आधी दुसरी धुऊन, वाळवून तयार ठेवा.